गिअरबॉक्स खोलल्यावर बॉल बेअरिंग कसे तपासावे: कोणते ठेवावे, कोणते बदलावे

खानापूर तालुक्यातील एका गॅरेजमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विटा आणि कौले घेऊन जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटमार्गे गोव्याला ये-जा करणाऱ्या एका पिकअपचा पाच गिअरचा, ॲल्युमिनियम केसिंगचा गिअरबॉक्स त्यांनी दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली पितळी कडी) गेल्यामुळे उतरवला. बेअरिंगे पेट्रोलने धुऊन त्यांवर हवा मारली तेव्हा सगळीच खडखडू लागली. गाडीमालकाचे म्हणणे असे की चालवताना आवाज नव्हता, मग बदलायची कशाला. मेन शाफ्टच्या, म्हणजे चाकांकडे फेरे पोहोचवणाऱ्या शाफ्टच्या, मागच्या टोकाचे बेअरिंग मात्र काही महिन्यांपूर्वीच नवे घातलेले असूनही पुन्हा ढिले झाले आहे. ते केसिंगमधून हातानेच निघाले आणि त्या जागेत कोणीतरी पूर्वी मारलेले पंचाचे ठिपके दिसत आहेत. कोणती बेअरिंगे ठेवावीत, कोणती टाकावीत आणि नवे बेअरिंग इतक्या लवकर का गेले, असे तीन प्रश्न त्यांनी केले आहेत.

कोरडे केलेले बेअरिंग खडखडले म्हणून ते खराब ठरत नाही आणि ग्रीस किंवा जाड तेल लावल्यावर ते गप्प फिरले म्हणून चांगलेही ठरत नाही. गोळ्या, रेस (गोळ्या जिच्या खोबणीत फिरतात ती आतली आणि बाहेरची कडी) आणि केज (गोळ्यांमधले अंतर राखणारा पिंजरा) यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर नसेल तर अगदी नवे बेअरिंगसुद्धा आवाज करते. उलट, जाड तेलाखाली रेसवरचा लहान खड्डा बोटाला लागत नाही. म्हणून आपण जी तपासणी केली तिच्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. शिवाय हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवण्याची सवय आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत आहे, ती बंद करावी. तेल नसताना गोळ्या लोळण्याऐवजी घसटतात आणि त्यांवर ओरखडे उठतात. वेग हाताबाहेर गेला तर केज तुटून गोळ्या उडतात आणि समोर उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्याला इजा होऊ शकते. हवा मारायचीच असेल तर दोन्ही रेस बोटांनी घट्ट धरून, बेअरिंग फिरू न देता मारावी. धुण्यासाठी पेट्रोलऐवजी रॉकेल किंवा स्वच्छ डिझेल वापरावे. पेट्रोलने आगीचा धोका आहे, आणि ते उडून गेल्यावर पोलाद इतके कोरडे पडते की पावसाळी हवेत रात्रीतून गंज धरतो. कणकुंबीच्या बाजूला आषाढ-श्रावणात हवा कशी असते हे आपणांस सांगायला नको.

खरे तर तपासणी धुण्याच्या आधीच सुरू व्हायला हवी. तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाकडे नीट पाहावे. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप असणे हे गिअरच्या नेहमीच्या झिजेचे लक्षण आहे आणि त्याची चिंता नको. मात्र त्या लेपात चमकणारे, कडा असलेले पापुद्रे बोटांना लागले तर कुठल्यातरी रेसचा किंवा दाताचा पृष्ठभाग सुटू लागला आहे, असे समजावे. पितळी कण बहुधा सिंक्रो रिंगचे असतात. आपल्या गाडीत ते सापडणारच, आणि चुंबक त्यांना धरत नसल्यामुळे ते तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत पोहोचलेले असतात, हे पुढे रेस पाहताना ध्यानात ठेवावे.

गाडी चालवणाऱ्याला विचारलेले चार प्रश्नही या वेळी कामाला येतात. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर येत असेल आणि पेडल दाबल्यावर ती थांबत असेल, तर इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून फेरे आत आणणाऱ्या) किंवा ले शाफ्टच्या (ते फेरे मेन शाफ्टवरच्या गिअरांना देणाऱ्या मधल्या शाफ्टच्या) बेअरिंगांवर संशय घ्यावा, कारण त्या स्थितीत हे दोनच शाफ्ट फिरत असतात. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर आधी क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. तेथे दोष नसेल आणि गिअर टाकून पेडल दाबून उभे राहिल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलच्या बाजूचे, इनपुट शाफ्टचे पुढचे टोक धरणारे पायलट बेअरिंग तपासावे. सगळ्या गिअरमध्ये येणारा आवाज सरळ गिअरमध्ये, म्हणजे इनपुट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात त्या गिअरमध्ये (अशा गाड्यांत बहुधा चौथ्यात), पुष्कळ कमी होत असेल तर ले शाफ्टवर लक्ष ठेवावे. सरळ गिअरमध्ये तो फिरतो खरा, पण त्याच्यावर भार नसतो. मालक ‘आवाज नव्हता’ म्हणतो त्याला फार महत्त्व देऊ नये. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये विटांनी भरलेली गाडी चढत असताना इंजिनाच्या आवाजात बेअरिंगची सुरुवातीची घरघर कोणालाच ऐकू येत नाही.

बेअरिंग काढण्याची पद्धत हीसुद्धा तपासणीचाच भाग आहे. शाफ्टवर घट्ट बसलेले बेअरिंग आतल्या रेसला पुलर लावूनच काढावे. पुष्कळदा आतल्या रेसपर्यंत पुलरचे पाय पोहोचत नाहीत आणि मिस्त्री बाहेरची रेस धरून ओढतो. मग सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसच्या खोबणीच्या काठावर गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे पडतात. अशा रीतीने काढलेले बेअरिंग आधी कितीही चांगले असले तरी परत बसवू नये. म्हणून ज्या बेअरिंगाची आतली रेस धरता येत नाही, ते आधी शाफ्टवरच तपासावे आणि दोष नसेल व दुसऱ्या कामासाठी अडत नसेल तर तेथेच राहू द्यावे. काढताना कोणती बाजू पुढे होती, स्नॅप रिंगची (बेअरिंग सरकू न देणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खोबण कुठे होती, एका बाजूला पत्र्याची शील्ड असेल तर ती कोणीकडे होती, हे लिहून किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावे.

धुऊन सुकवल्यावर बेअरिंगात स्पिंडल ऑइलसारख्या पातळ तेलाचे थोडेच थेंब सोडावेत. मग आतली रेस एका हाताच्या बोटांत धरून, बाहेरच्या रेसवर एका बाजूने हलका दाब देत ती अगदी सावकाश फिरवावी. नंतर उलट बाजूने दाब देऊन पुन्हा फिरवावी. वेगाने फिरवले तर काहीच कळत नाही. सावकाश फिरवताना एखाद्या ठिकाणी बोटाला टोचल्यासारखे लागले, तर ती जागा मार्करने खुणावून बेअरिंग परत धुवावे, कारण आत राहिलेला कचरासुद्धा असाच लागतो. दुसऱ्यांदा धुऊनही खटका त्याच जागी येत असेल तर तो रेसवर आहे. जागा बदलत असेल तर तो गोळीवर असण्याचा संभव जास्त. दोन्ही बाबतींत बेअरिंग बाद.

बाहेरची रेस हलवून पाहताना मात्र बरेच जण फसतात. खोल खोबणीच्या बॉल बेअरिंगमध्ये उभ्या दिशेची मोकळीक काही मायक्रॉन असली तरी आडव्या, म्हणजे शाफ्टच्या दिशेची हालचाल तिच्या कितीतरी पट असते. त्यामुळे नवे बेअरिंगही हातात डुलते आणि ते डुलणे हा दोष नाही. अंदाजापेक्षा त्याच क्रमांकाचे आणि त्याच मोकळिकीच्या वर्गाचे नवे बेअरिंग शेजारी ठेवून तुलना करणे बरे, आणि जमल्यास डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापयंत्र) लावून आकडा घेणे त्याहून बरे. समजा बेअरिंगवर ६३०६ असा क्रमांक आहे: शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास ३० मिलिमीटर निघतो, बाहेरचा ७२ आणि रुंदी १९ मिलिमीटर असते. या मापाच्या साध्या बेअरिंगमध्ये उभी मोकळीक ५ ते २० मायक्रॉन असते आणि क्रमांकापुढे सी ३, म्हणजे जास्त मोकळिकीचा वर्ग, असेल तर १३ ते २८ मायक्रॉन. गिअरबॉक्समध्ये आतली रेस शाफ्टवर दाबून बसते, ती किंचित फुगते आणि ही मोकळीक कमी होते. वर गरम शाफ्टमुळे ती आणखी घटते. म्हणूनच अनेक जागी सी ३ सांगितलेले असते. दुकानदाराने ‘नंबर तोच आहे’ म्हणून साधे बेअरिंग दिले आणि ते बसवले, तर पहिल्याच लांब चढावर ते तापून निळे पडू शकते. जुन्या रेसवर कोरलेली सगळी अक्षरे, शेवटच्या सी ३ आणि एन आर (बाहेरच्या रेसवर स्नॅप रिंग असल्याची खूण) यांच्यासह, उतरवून घ्यावीत आणि सुट्या भागांच्या यादीशी ताडून पाहावीत, कारण आधीच्या मिस्त्रीनेही चुकीचे बसवलेले असू शकते.

आता रेसवरच्या खुणा. हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण बेअरिंग बाद आहे एवढे कळून भागत नाही. ते कशाने बाद झाले हे कळले नाही तर नवेही त्याच वाटेने जाते. चांगला टॉर्च आणि घड्याळवाले वापरतात तसले भिंग घ्यावे, केज हळूहळू सरकवत गोळ्यांमधल्या फटीतून दोन्ही रेस पाहाव्यात. बाद ठरलेले बेअरिंग मात्र ग्राइंडरने बाहेरची रेस कापून उघडावेच. चष्मा लावून, आणि इतर बेअरिंगांपासून दूर. ती दहा मिनिटे वाया जात नाहीत.

निरोगी बेअरिंगच्या खोबणीत गोळ्यांनी काढलेला एकसारख्या रुंदीचा, किंचित मंद चमकेचा पट्टा दिसतो. हा पट्टा खोबणीच्या मधोमध असेल तर भार सरळ येत होता. एका काठाकडे सरकला असेल तर शाफ्टच्या दिशेने ढकल होती, आणि तिरप्या दातांच्या गिअरमध्ये ती थोडी असतेच. पण न फिरणाऱ्या रेसवर तो पट्टा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे तिरका गेलेला दिसला तर शाफ्ट आणि बेअरिंगची जागा एका रेषेत नाहीत. तेव्हा शाफ्ट वाकला आहे का, बेअरिंग खांद्यापर्यंत (ते जिथे टेकते त्या पायरीपर्यंत) पूर्ण बसले होते का, मध्ये कचरा अडकला होता का, हे शोधावे. पट्ट्यात पापुद्रा सुटून खरबरीत खड्डा पडला असेल तर तो थकव्याचा दोष आहे, आणि वेळेआधी आला असेल तर भाराकडे पाहावे. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलते. भार सव्वापट केला तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते आणि दुप्पट केला तर आठवा हिस्सा उरते. विटांची आणखी एक थप्पी चढवणाऱ्या मालकाला हा हिशेब जरूर सांगावा.

संपूर्ण पट्टाभर बारीक, विखुरलेले ठिपके दिसत असतील तर ते तेलातून आलेल्या कठीण कणांचे आहेत. गोळ्यांच्या अंतराने पडलेल्या खळग्यांचा अर्थ मात्र नीट पाहून लावावा. खळग्याच्या तळाशी रेसच्या मूळ घासकामाच्या बारीक रेषा अजून दिसत असतील तर तो ठोक्याचा परिणाम आहे: हातोड्याने बसवले, किंवा चुकीच्या रेसवर दाबले. रेषा पुसल्या गेल्या असतील आणि तळ मळकट असेल तर बेअरिंग न फिरता थरथरत राहिले होते. लांब अंतर ट्रकवर लादून आणलेल्या यंत्रांत आणि सुट्या गिअरबॉक्समध्ये हे सापडते. त्याच अंतराने तपकिरी-काळे, खाल्ल्यासारखे डाग असतील तर ते पाण्याचे आहेत आणि गाडी पाणी आत असतानाच उभी राहिली होती. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर निपाणी, चिकोडीकडून आलेल्या गिअरबॉक्सांत अशी बेअरिंगे पाहायला मिळाली. गरम गिअरबॉक्स पुराच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) किंवा सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. गाडी बुडाली पाहिजे असे नाही, ओढ्यावरचे गुडघाभर पाणीही पुरते. तेल दुधी झालेले असेल तर बेअरिंगे वरून स्वच्छ दिसली तरी मी ती ठेवत नाही.

एक खूण आपल्या भागात उसाच्या हंगामात विशेष दिसते. ट्रॅक्टरची हूक किंवा चॅसीचा तुटलेला भाग गिअरबॉक्स जागेवर असतानाच वेल्डिंग करतात आणि अर्थचा चिमटा लांब कुठेतरी, सोयीच्या जागी लावतात. मग विजेचा प्रवाह वाट शोधत बेअरिंगमधून जातो आणि गोळी जिथे टेकलेली असते तिथे वितळलेल्या काठाचा सूक्ष्म खड्डा पडतो. काही आठवड्यांनी तेथूनच पापुद्रा सुटतो आणि दोष बेअरिंग बनवणाऱ्याच्या माथी बसतो. वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरावर, त्याच तुकड्यावर चिमटा लावला की हा प्रश्न उरत नाही.

रंगाकडेही पाहावे. फिकट पिवळसर-तपकिरी झाक बहुधा जळलेल्या तेलाचा थर असते आणि ती पुसली जाते. निळा किंवा जांभळा रंग पोलादातच उतरलेला असतो. बेअरिंगच्या पोलादाचा कठीणपणा अशा तापमानाला गेलेला असतो, म्हणून निळे पडलेले बेअरिंग हाताला गुळगुळीत लागले तरी टाकून द्यावे. केजचे रिव्हेट ढिले असतील, खाने लांबट झाले असतील किंवा प्लास्टिकच्या केजला तडा असेल, तर पुढे काही पाहण्याची गरजच नाही.

आता आपल्या मागच्या बेअरिंगकडे वळतो. ते हाताने निघाले एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पुष्कळ केसिंगांत बाहेरची रेस सरकत बसणारीच ठेवलेली असते आणि स्नॅप रिंग व पट्टी तिला पुढेमागे जाऊ देत नाही. पण त्या जागेत पंचाचे ठिपके आहेत, म्हणजे बाहेरची रेस पूर्वीच फिरू लागली होती आणि कोणीतरी ठिपक्यांचे उंचवटे काढून ती जखडली होती. जुन्या बेअरिंगची बाहेरची बाजू आरशासारखी चकाकत असेल किंवा तिच्यावर गोल फिरलेल्या रेघा असतील, तर ते पुन्हा फिरले आहे याविषयी शंका ठेवू नये. ठिपक्यांचे उंचवटे ॲल्युमिनियमचे; घाटातल्या एका फेरीत ते चेपतात. त्याआधीही रेसला काही मोजक्याच बिंदूंवर आधार मिळतो, ती किंचित वाकडी होते आणि शाफ्ट मधोमध राहत नाही. भरीला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते: ७२ मिलिमीटरची जागा थंड असताना अचूक असली तरी तापमान ६० अंशांनी चढले की तिच्यात आणि रेसमध्ये सुमारे ०.०५ मिलिमीटरची वाढीव फट पडते. थंड असतानाच ढिली असलेली जागा गरम झाल्यावर काय धरून ठेवणार? म्हणजे दोष बेअरिंगचा नव्हता, जागेचा होता, आणि आणखी एक नवे बेअरिंग त्याच जागेत घातले तर तेही जाईल.

यावर उपाय असा की बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजणाऱ्या मापयंत्राने) ती जागा दोन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर काटकोनातल्या दोन दिशांनी मोजावी. झीज अगदी थोडी आणि गोलाई शाबूत असेल तर तेल पूर्ण पुसून रिटेनिंग कंपाऊंड (फट भरून रेस धरून ठेवणारे चिकट द्रव्य) लावून बसवता येते. मात्र कोणते कंपाऊंड किती फट भरते आणि किती उष्णता सोसते हे त्याच्या वेष्टनावर पाहूनच घ्यावे. ठिपक्यांनी खराब झालेल्या आणि लांबट झालेल्या जागेला माझ्या मते स्लीव्ह, म्हणजे जागा मोठी कापून आत नवी नळी बसवणे, हाच मार्ग आहे. बेळगावच्या उद्यमबागेत चांगले बोरिंग करणारी वर्कशॉप आहेत. तेथे केसिंगचे दोन्ही अर्धे जोडून, डॉवेल पिना (दोन्ही अर्धे नेमक्या जागी जुळवणाऱ्या खिट्या) घालून, पुढच्या बेअरिंगच्या मध्यावरून मध्य धरून बोअर करायला सांगावे. मागचा अर्धा एकटा नेऊन ‘भोक मोठे करून बुश ठोका’ म्हटले तर मध्य चुकतो आणि रेसवर तो तिरका पट्टा उमटतो. स्लीव्हचा खर्च नव्या केसिंगच्या जवळ जात असेल तर केसिंगच बदलावे.

राहिलेल्या बेअरिंगांबद्दल माझा निर्णय असा. मागचे बदलावेच. इनपुट शाफ्टचे बेअरिंग आणि ले शाफ्टवर बॉल बेअरिंग असल्यास तीही बदलावीत, तपासणीत जेमतेम पास झाली तरी, कारण सिंक्रो रिंगचे पितळ तेलात फिरलेले आहे, गाडी भार घेऊन घाट चढते आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीपेक्षा सहज जास्त होते. पायलट बेअरिंग स्वस्त आहे, ते विचार न करता बदलावे. ज्या बेअरिंगवर कसलाही खटका नाही, पट्टा मधोमध आहे, रंग बदललेला नाही आणि जे शाफ्टवरून न हलवता तपासले आहे, ते ठेवायला माझी हरकत नाही. सगळीच सरसकट बदला असे सांगणे सोपे आहे, पण चांगले बेअरिंग ठोकून काढून त्या जागी संशयास्पद दुकानातले नवे घालण्यात शहाणपण नाही. घासून चकचकीत केलेली, पुन्हा ग्रीस भरून नव्या खोक्यात घातलेली बेअरिंगे बाजारात मिळतात. अक्षरे उथळ किंवा वाकडी छापलेली, खोक्यावरचा आणि रेसवरचा क्रमांक जुळत नाही, रेसच्या कडेला बफचे ओरखडे, अशांपैकी काहीही दिसले तर परत करावे आणि अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावे.

बसवताना नवे बेअरिंग शेवटच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये आणि त्याचे मूळ तेल धुऊन टाकू नये. शाफ्टवर बसवण्यासाठी ते ८० ते १०० अंशांपर्यंत तेलात किंवा हीटरवर तापवावे. १२० च्या वर कधीही जाऊ नये आणि गॅसची ज्योत लावू नये. खांद्याला टेकल्यावर ते निवेपर्यंत तेथेच दाबून धरावे, नाहीतर आकसताना खांद्यापासून सुटते आणि फिलर गेजचे पान मध्ये शिरते. दाबून बसवायचे असल्यास जी रेस घट्ट बसते तिच्यावरच नळीने दाब द्यावा. जोडणी झाल्यावर, तेल भरण्याआधी, प्रत्येक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवून पाहावा आणि मेन शाफ्टची पुढेमागे हालचाल डायल गेजने घेऊन कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडावी. जास्त असेल तर शिम (फट भरणारी पातळ चकती) आताच बदलावा. पहिले तेल लवकर, हजारभर किलोमीटरवर काढावे आणि ड्रेन प्लगचे चुंबक पुन्हा पाहावे. ब्रीदरही उघडून साफ करावा. विटांची लाल माती त्यात भरून बसली असेल तर आतला दाब सीलवर येतो आणि तेल गळून बेअरिंगे कोरडी पडतात. मागच्या जागेची मापे घेतल्यावर ती आणि बेअरिंगचा पूर्ण क्रमांक कळवल्यास स्लीव्ह लागेल की कंपाऊंडवर भागेल, हे मी नक्की सांगू शकेन; तोपर्यंत मागच्या जागेसाठी नवे बेअरिंग विकत घेऊ नये.